काढून टाकलेले हीटर

टॅमसिनच्या फ्लॅटच्या ऊर्जा प्रमाणपत्रासाठी तपासणीला एक बाई येणार होती आणि टॅमसिनला कामावरून सुटी मिळत नव्हती, म्हणून दार उघडायला तिचा बाप रोलंड अटिंग गेला. तसा त्याला कुणी आग्रह केला नव्हता. किल्ली शेजारणीकडं ठेवते, असंच टॅमसिन म्हणाली होती. पण रोलंडनं तिला फोनवर ऐकवलं, की परक्या माणसाला घर दाखवायचं तर त्या घराची नस न् नस ठाऊक असलेलं कुणीतरी हवं, आणि त्या घराची नस माझ्याइतकी कुणाला ठाऊक आहे? टॅमसिन म्हणाली, "बरं बाबा, जा तू."

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लोस्टॉफ्ट गावात, समुद्राला तोंड करून उभ्या असलेल्या एका इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर तिचा फ्लॅट होता. तिचा म्हणजे पुरता तिचा नव्हे. चाळीस टक्के तिचा आणि साठ टक्के गृहनिर्माण संस्थेचा. त्या साठ टक्क्यांचं ती संस्थेला भाडं भरायची. दातांच्या दवाखान्यात डॉक्टरच्या हाताखाली काम करणाऱ्या एकट्या बाईला अख्खं घर घेणं झेपणारं नव्हतं; त्या इमारतीत सगळे असेच वाट्यानं घर घेतलेले लोक होते. घरातल्या दुरुस्त्या मात्र सगळ्या ज्याच्या त्याच्या माथी. रोलंडला याची गंमत वाटायची. "गाय अर्धी संस्थेची, पण चारा सगळा तू घालायचा," असं तो लेकीला म्हणायचा.

आता टॅमसिन अडतिशीला पोचल्यावर लग्न करत होती. एरन नावाचा शांत, टक्कल पडायला लागलेला मास्तर होता, नॉरिचला राहायचा. ती तिकडं जाणार, म्हणून फ्लॅट विकायला काढला होता. असा फ्लॅट थेट बाजारात नेता येत नाही. आधी संस्थेला कळवायचं, किंमत ठरवून घ्यायची, मग संस्था आपल्या यादीतला गिऱ्हाईक शोधणार. आणि या सगळ्याच्या आधी ऊर्जा प्रमाणपत्र हवं. घर ऊबदार ठेवायला किती खर्च येतो, त्यावरून ए ते जी असा दर्जा ठरतो, ए सगळ्यात चांगला. टॅमसिननं घर घेतलं तेव्हाच्या प्रमाणपत्रावर 'सी' होता, पण त्याची दहा वर्षांची मुदत संपून गेली होती.

रोलंडला सीची काळजी नव्हती. उलट यंदा बी मिळेल अशी त्याची खात्री होती, कारण मधल्या काळात त्या घरात त्याचा हात फिरला होता. गोठवलेल्या मटारच्या कारखान्यात त्यानं सारा जन्म यंत्रं दुरुस्त करण्यात घालवला होता. टॅमसिन राहायला आली त्या पहिल्याच शरदात त्यानं खिडक्यांखालचे ते जुने, ढब्बू हीटर उपटून काढले होते. विटा भरलेल्या पेट्याच त्या. रात्री वीज स्वस्त असते तेव्हा विटा तापवून घ्यायच्या आणि दिवसभर त्यांनी हळूहळू ऊब सोडायची. रोलंडला ते अजिबात पटायचं नाही. आज थंडी पडणार हे काल रात्री कसं कळणार, असं तो विचारायचा. त्यानं ते भंगारात दिले आणि भिंतीवर पातळ, पांढरे, काचेसारखे गुळगुळीत विजेचे हीटर बसवले. बटण दाबलं की गरम. तारा इतक्या सफाईनं नेल्या होत्या की बघणाऱ्याला दिसू नयेत. तो हिरवळीवर चेंडू घरंगळवायचा बोल्सचा खेळ खेळायला जायचा त्या क्लबातल्या बेझिल मॉब्जला तर तो मुद्दाम जिने चढवून दाखवायला घेऊन आला होता. लेकीला दिलेली गोष्ट म्हणून विचाराल, तर रोलंडच्या मनात सगळ्यात वर ते हीटर होते.

तपासणीची बाई वेळेवर आली. निकोला ब्लाइद तिचं नाव. तिशीतली, हातात टॅबलेट, पायात दारातच चढवलेले निळे प्लॅस्टिकचे मोजे. तिनं भिंती ठोकून बघितल्या, खिडक्यांची मापं घेतली, गरम पाण्याच्या टाकीचं आवरण चाचपलं. रोलंड तिच्या मागं मागं. घर गार होतं, पण दिवसभर कुणी नसल्यावर गारच असणार, असं म्हणून त्यानं बैठकीतला हीटर लावला आणि बघा आता पाच मिनिटांत, असं कौतुकानं सांगितलं.

निकोलानं विचारलं, की आधीचे हीटर कुठं गेले? रोलंड याच प्रश्नाची वाट बघत होता. त्यानं सगळी हकीकत सांगितली, आणि शेवटी म्हणाला, "हे जेवढी वीज खातात तेवढी सगळी ऊब देतात. कणभर वाया नाही. शंभर टक्के."

"ते खरंय," ती म्हणाली. "पण महागाच्या विजेची."

मग तिनं दाराजवळचं मीटरचं कपाट उघडलं. मीटर अजून जुनाच होता, दोन दरांचा, रात्रीची वीज स्वस्त आणि दिवसाची नेहमीपेक्षाही महाग. रात्रीच्या विजेवर आता फक्त पाण्याची टाकी चालत होती. हीटर सगळे दिवसाच्या विजेवर. रोलंडला आठवलं, की मीटर बदलून घे असं आपण तेव्हा टॅमसिनला म्हणालो होतो. बदलला का, हे मात्र परत कधी विचारलं नव्हतं.

बेडरूम शेवटी राहिली होती. दार रोलंडनंच उघडलं, आणि तो उंबऱ्यातच थांबला. हीटर बसवले त्यानंतर तो त्या खोलीत आलाच नव्हता. मोठ्या झालेल्या लेकीच्या झोपायच्या खोलीत बाप कशाला जाईल? पलंग बाहेरच्या भिंतीपासून ओढून पार आतल्या कोपऱ्यात लावलेला होता. रजईवर डोंगरात मुक्कामाला नेतात तसली झोपायची पिशवी पसरलेली. उशीवर लोकरीची कानटोपी. दाराच्या मागं गरम पाण्याच्या दोन रबरी पिशव्या लटकवलेल्या. आणि खिडकीखाली त्याचा हीटर, पांढराशुभ्र, जणू कालच बसवल्यासारखा. त्याच्या बटणावर तपकिरी चिकटपट्टी आडवी-उभी लावलेली होती. कडा काळ्या पडल्या होत्या.

निकोलानं ते बघितलं. हीटरचा फोटो घेताना ती गुडघ्यावर बसली आणि पलंग चौकटीत येऊ नये अशा बेतानं कोन धरला. रोलंडच्या ते ध्यानात आलं, आणि तिच्या त्या सभ्यपणाचाच त्याला सगळ्यात जास्त राग आला.

जाताना तिनं सांगितलं, की बहुतेक ई येईल. आकडे संगणक काढतो, पण आधीपेक्षा खालीच येईल, एवढं नक्की.

"तुमच्या वयाच्या पोरींच्या हातात ती पाटी दिली की तुम्हाला इंजिनियर झाल्यासारखं वाटतं," रोलंड म्हणाला. "मी हे काम करत होतो तेव्हा तुम्ही दुपट्यात होतात."

निकोलानं पायातले निळे मोजे काढून खिशात घातले. "मी जे दिसतं तेवढंच नोंदवते, मिस्टर अटिंग," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

घरी आल्यावर रोलंडनं बायकोला, लिनेटला, सांगितलं की बाई अगदीच नवशिकी होती. बेडरूमचं काही बोलला नाही. टॅमसिन लहानपणापासून थंडीला भित्री, आईवर गेलीये, असं त्यानं वाटेतच स्वतःला समजावून टाकलं होतं. लिनेट इस्त्री करत होती. ती नुसतं "हं" म्हणाली आणि शर्टाची कॉलर उलटी केली.

प्रमाणपत्रावर ईच आला. टॅमसिन फोनवर म्हणाली, असू दे बाबा, विकला जाईल. पण संस्थेनं यादीतून धाडलेला पहिला गिऱ्हाईक, एक नुकता नोकरीला लागलेला मुलगा, फ्लॅट बघून खूश होऊन गेला आणि प्रमाणपत्र वाचल्यावर नको म्हणाला. त्याचा हिशोब बसत नव्हता. रोलंडनं हे ऐकलं तेव्हा त्याला जेवण गेलं नाही. तरीही त्याच्या मनानं एक पळवाट शोधून ठेवली होती: हीटर चांगले, तपासणी वाईट.

ती प्रमाणपत्रं कुणालाही इंटरनेटवर उघडून बघता येतात. बेझिल मॉब्जनं ते बघितलं. क्लबात सगळ्यांसमोर तो म्हणाला, "काय रोली, तुझ्या कारागिरीला ई मिळाला म्हणे. शाळेत तुला निदान डी तरी मिळायचा."

सगळे हसले. रोलंडही हसला. पण घरी गेला तो थेट संगणकासमोर बसला, आणि तपासनिसांवर देखरेख करणाऱ्या मंडळाकडं लेकीच्या वतीनं त्यानं तक्रार लिहिली. बाई सारा वेळ मोबाइलवर बोलत होती, असं लिहिलं. हे धादांत खोटं होतं. मीटर नीट बघितला नाही, असं लिहिलं. तेही खोटं. मग बोटं थोडी थांबली, आणि त्यानं आणखी एक वाक्य लिहिलं: बेडरूममध्ये ती गेलीच नाही.

हे वाक्य लिहून त्याला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की ते खरंच असावं असं त्याला घटकाभर वाटलं.

पुढचे काही आठवडे मंडळाकडून काही हालचाल दिसली नाही. मग एका रविवारी टॅमसिन जेवायला आली. एकटीच आली. लिनेटनं मटणाचा मोठा तुकडा भाजला होता, पुदिन्याची चटणी केली होती. टॅमसिननं कोट काढला नाही. बसली, आणि रोलंडकडं न बघता म्हणाली, की मंडळाचा तिला फोन आला होता. घर तिच्या नावावर, म्हणून तिच्याकडं चौकशी केली. निकोला ब्लाइदचं नवं काम चौकशी होईपर्यंत थांबवून ठेवलंय. त्यांनी तपासणीचे सगळे फोटो टॅमसिनला पाठवले होते.

"ती बेडरूममध्ये गेली नाही, असं तू लिहिलंस?" टॅमसिननं विचारलं.

रोलंडनं सुरी खाली ठेवली. "तिचं काम वरवरचं होतं. मी म्हणालो—"

"बाबा, बेडरूमच्या फोटोत, कपाटाच्या आरशात, तू दिसतोयस. दारात उभा आहेस. टोपी हातात घेऊन."

लिनेटनं रश्श्याचं भांडं टेबलावर ठेवलं आणि हात पुसत तिथंच उभी राहिली. या वयात लेकीसमोर खोटं पकडलं जाणं म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नव्हतं. ते त्या क्षणी कळलं. काहीतरी बोलायलाच हवं म्हणून त्यानं भलतंच विचारलं. "त्या बटणावर पट्टी कशाला लावलीस?"

"चुकून हात लागू नये म्हणून."

"म्हणजे तू लावायचीच नाहीस?"

टॅमसिननं आईकडं बघितलं. मग सावकाश सांगायला लागली, जसं एखाद्या आजाऱ्याला सांगावं तसं. पहिल्या हिवाळ्यात तिनं हीटर मनमुराद लावले होते, आणि वसंतात बिल आलं तेव्हा ती जिन्यात बसून रडली होती. घराचं भाडं, कर्जाचा हप्ता आणि ते बिल, यातलं काहीतरी एकच भरता येणार होतं. पुढच्या वर्षापासून बेडरूमचा बंद केला. मग स्वयंपाकघरातला. मीटर बदलायचा तर पाण्याची टाकीही महाग विजेवर जाणार होती, म्हणून तो तसाच ठेवला. पूर्वेचा वारा सुटला की ती दवाखान्यात उशिरापर्यंत थांबायची, अवजारं उकळत ठेवायच्या खोलीत, कारण तिथं ऊब असायची. शनिवारी वाचनालयात बसायची. एरनशी जमल्यावर पहिलं अख्खं वर्ष तिनं त्याला घरी बोलावलं नव्हतं.

"पण मी यायचो तेव्हा घर गरम असायचं," रोलंड म्हणाला. "मी आलो आणि गार होतं, असं एकदाही झालं नाही."

मग लिनेट म्हणाली, "तू घरातून निघालास की मी तिला फोन करायची, रोली."

त्याला ते समजायला वेळ लागला. दर वेळी तो गाडी काढायचा, आणि मागं ही फोनकडं जायची, तिकडं लेक हीटर लावायची. दहा हिवाळे. तो तिथं पोचून कोट काढायचा, हात चोळायचा आणि म्हणायचा, "बघ, कशी झकास ऊब आहे." आणि लेक म्हणायची, "हो ना बाबा."

"मला सांगितलं का नाहीत?"

"पहिल्या वर्षीच सांगणार होते," टॅमसिन म्हणाली. "पण तोवर तू अख्ख्या क्लबला सांगून बसला होतास. बेझिलकाकांना घेऊन आलास. त्या तारा दाखवत होतास त्यांना, कशा लपवल्या ते." ती आता थेट त्याच्याकडं बघत होती. "तू इतका खूश होतास. ते घालवायची मला हिंमत झाली नाही. ते माझं चुकलं, मला कळतंय. पण त्या बाईनं तुझं काय वाकडं केलं होतं? माझ्या नावावर तू तिची भाकरी काढून घ्यायला निघालास. मी फोनवर त्यांना काय सांगितलं असेन, सांग ना. माझे वडील खोटं बोलतायत, असं सांगावं लागलं मला."

मटण तसंच राहिलं. टॅमसिन गेल्यावर रोलंड मागच्या अंगणातल्या शेडमध्ये जाऊन बसला. भिंतीवर त्याची हत्यारं आकारानुसार टांगलेली होती, प्रत्येकामागं पेन्सिलनं काढलेली त्याची बाह्यरेषा. त्याला ती बघवेनात. चूक झाली याचं त्याला तेवढं वाटत नव्हतं. चुका कारखान्यातही व्हायच्या. आपल्याला सांभाळून घेतलं गेलं, हे त्याला सोसत नव्हतं. पोरीनं थंडीत कानटोपी घालून झोपायचं आणि वर बापाच्या कौतुकाला पुरवठाही करायचा. आणि त्यानं काय केलं, तर चोराच्या उलट्या बोंबा. लिनेट एकदा दारापर्यंत आली, चहाचा कप आतल्या फळीवर ठेवून गेली. तिलाही त्या वेळी त्याच्याकडं बघायचं नव्हतं, कारण फोन करणारी तीच होती.

सोमवारी त्यानं मंडळाला कळवलं, की तक्रारीतला मजकूर खोटा होता आणि तो त्यानं जाणूनबुजून लिहिला होता. चुकून हा शब्द त्यानं एकदा लिहिला आणि खोडला. मग निकोलाला फोन केला. तिनं नाव ऐकलं आणि म्हणाली, जे काय असेल ते लेखी पाठवा. त्यानं लेखी पाठवलं. पण कागदावरची माफी म्हणजे काय, हे त्यालाच पटेना. चौकशी मिटल्यावर टॅमसिनच्याच इमारतीत तळमजल्यावर निकोलाचं दुसरं काम असल्याचं शेजारणीकडून कळलं, तेव्हा तो जाऊन तिच्या गाडीपाशी उभा राहिला. वारा असा होता की डोळ्यांतून पाणी यायचं. ती बाहेर आली, त्याला बघून थबकली.

रोलंड घोकून आणलेलं सगळं विसरला. "मी खोटं लिहिलं," तो म्हणाला. "तुम्ही त्या खोलीत गेला होतात. तुम्ही पलंगाचा फोटो घेतला नाहीत, तेही मी बघितलं होतं. मला लाज वाटते."

निकोलानं टॅबलेट सीटवर ठेवला. "माझी कामं थांबली होती," ती म्हणाली. "घरी मला आईला सांगावं लागलं, की कुणीतरी मला कामचुकार म्हणतंय. तिला वाटलं, असेल काहीतरी, उगाच कोण लिहील?" तिनं गाडीचं दार धरलं. "तुम्ही आलात ते मी ऐकून घेतलं. पण काही नाही, असू दे, असं मी म्हणणार नाही."

"नका म्हणू," रोलंड म्हणाला.

ती गाडीत बसून गेली. माफी मागितली की मन हलकं होतं, असं लोक सांगतात. रोलंडचं काही हलकं झालं नाही. घरी जाताना तो एका वळणावर चुकून भलत्याच रस्त्याला लागला.

त्यानंतर त्यानं हीटरचं काम हातात घेतलं. म्हणजे हातात घेतलं नाही, हाच त्यातला मुद्दा होता. आधी संस्थेला फोन करावा लागला, कारण घरात असा बदल करायला संस्थेची परवानगी लागते आणि ती त्यानं दहा वर्षांपूर्वी घेतलेलीच नव्हती. फोनवरच्या मुलानं तीन-तीनदा विचारलं, की जुने हीटर कुणी काढले, आणि रोलंडनं प्रत्येक वेळी सांगितलं, "मी." मग वॉरेन पल्फर नावाच्या परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलावलं. नव्या धर्तीचे, पण त्याच तत्त्वाचे, विटांचे हीटर ठरवले. खर्च रोलंडनं केला, त्यावर टॅमसिनशी वाद झाला आणि तेवढा एकच वाद काय तो जिंकला.

वॉरेननं त्याला तारांना हात लावू दिला नाही. "तुम्ही बसा निवांत," म्हणाला, आणि त्यात टोमणा नव्हता तरी तो टोचला. मग रोलंडनं विटा वाहायचं काम मागून घेतलं. हीटर रिकामे येतात, विटा वेगळ्या पेट्यांतून. इमारतीत लिफ्ट नव्हती. तो एकेक पेटी छातीशी धरून वर न्यायचा, प्रत्येक मजल्यावर कठड्याला टेकून दम खायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीनं दार किलकिलं करून विचारलं, की मुलीच्या लग्नाची तयारी वाटतं? तो हो म्हणाला. वरून लिनेट आली आणि तिनं पेटीचं दुसरं टोक धरलं. दोघं तसेच आडवे-तिडवे वर चढले.

भिंतीवरून त्याचे पांढरे हीटर उतरले तेव्हा खाली रंगाचे फिकट चौकोन उरले. वॉरेननं जुन्या तारा ओढून काढल्या आणि एवढंच म्हणाला, की काम स्वच्छ केलेलं आहे. रोलंडनं मान दुसरीकडं वळवली.

नव्या तपासणीचं काम निकोलानं घेतलं नाही. दुसरा माणूस आला. या वेळी रोलंड फ्लॅटवर गेला नाही. टॅमसिननं अर्ध्या दिवसाची सुटी काढली. दर्जा सी आला.

टॅमसिन अजून काही आठवडे तिथं राहणार होती. मार्च होता आणि समुद्रावरून झोंबरं वारं येतच होतं. खोकी भरायला रोलंड आणि लिनेट एका दुपारी तिच्याकडं गेले. या वेळी लिनेटनं फोन केला नव्हता, हे रोलंडला माहीत होतं, कारण ती सारा वेळ त्याच्या समोरच होती. टॅमसिननं दार उघडलं. अंगात पातळ सुती कुडतं, पाय उघडे. आत ऊब होती. हलकी, सगळीकडं सारखी, बाथरूमपर्यंत पसरलेली. तिनं चहा केला आणि ती खाली गालिच्यावर बसून पुस्तकं खोक्यात भरायला लागली. उघडी पावलं तिनं सहज पुढं पसरली होती. एका अंगठ्यावर लाल रंग लावलेला, बाकीच्या बोटांवर अजून लावायचा राहिलेला.

"काल संध्याकाळी मी इथंच झोपून गेले," ती आईला सांगत होती. "अंगावर काही न घेता. जाग आली तर कळेचना, मी कुठं आहे ते." मग ती हसली आणि म्हणाली, "किती छान घर आहे गं हे. मला माहीतच नव्हतं."

रोलंड कप घेऊन स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडून बराच वेळ उभा राहिला. ती हे त्याला लागावं म्हणून बोलली नव्हती. म्हणूनच ते कुठंतरी खोल जाऊन बसलं. ती जात होती. ही ऊब आता कुणा परक्याला मिळणार होती.

ती परकी बाई पुढच्याच आठवड्यात आली, संस्थेच्या यादीतली. शाळेत स्वयंपाक करायची, नाव ड्युल्सी. टॅमसिन एरनबरोबर नॉरिचला घर बघायला गेली होती, म्हणून तिनं बापालाच विचारलं, जाशील का दार उघडायला? हे तिनं विचारलं याचंच रोलंडला एवढं वाटलं की त्यानं तिला वेळ दोनदा विचारून घेतली.

ड्युल्सीनं सगळ्या खोल्या बघितल्या. बेडरूममध्ये ती हीटरवर हात ठेवून उभी राहिली. आत्ताच्या भाड्याच्या घरात भिंतींना ओल येते, मुलीला दमा आहे, असं तिनं सांगितलं. मग तिनं विचारलं, की हे हीटर पहिल्यापासूनचेच का?

कागदोपत्री तिला सगळं मिळणारच होतं. रोलंडनं नुसतं नवे आहेत म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"पहिल्यापासून असलेच होते," तो म्हणाला. "मी ते काढून टाकले आणि भलतेच बसवले. माझी लेक दहा वर्षं गारठत राहिली इथं. आता परत बसवलेत. मी नाही, जाणत्या माणसानं बसवलेत."

ड्युल्सीनं त्याच्याकडं बघितलं. मग तिनं विचारलं, की रात्री किती वाजता वीज स्वस्त होते आणि हे लावायचे कसे. रोलंडनं खिशातून चष्मा काढला, हीटरपाशी गुडघ्यावर बसला आणि तिला एकेक बटण दाखवायला लागला. एका बटणाचं काम त्याला नक्की ठाऊक नव्हतं.

"हे मला माहीत नाही," तो म्हणाला. "वॉरेनला विचारून सांगतो."